पुसलेला खांदा

मिरजेच्या त्या रुग्णालयात यंत्रहाताने बसवलेला गुडघा बिघडला, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे सुगंधा बिरनाळे तपासणीच्या खोलीत दोन पावलं टाकून थबकल्या, डावीकडे कलल्या, पुन्हा दोन पावलं टाकून थबकल्या, तेव्हा डॉ. रेवती कुंटेंचं डोकंच चक्रावलं. शस्त्रक्रिया रेवतीच्याच देखरेखीखाली झाली होती. हाडाची कापणी केसभरही इकडेतिकडे नव्हती.

"काकू, दुखतंय का?"

"दुखत नाही हो. पाऊल उचललं की आतून कुणीतरी थांब म्हणतंय. मैत्रिणी दर रविवारी दंडोबाचा डोंगर चढतात आणि मी पायथ्याशी त्यांच्या पिशव्या राखत बसते. मला वर जायचंय, डॉक्टर. एवढ्यासाठीच तर हाड कापून घेतलं."

बाकावर बसलेले त्यांचे यजमान बाळगोंडाअण्णा हसले. "ही पहिल्यापासून गोगलगायच. हिच्यापायी एकही लग्न कधी वेळेवर गाठलं नाही मी."

सुगंधाकाकूंनी मान फिरवली.

रेवतीने यंत्राचा अभियंता इम्रान मुजावर याला बोलावलं. त्याने काकूंना समजेल असं सांगितलं. "सांध्यात एक द्रव आहे, काकू. तो पावलागणिक घट्ट आणि सैल होतो. केव्हा घट्ट व्हायचं, ते चालठसा, म्हणजे तुमच्या चालीची नोंद, ठरवतो. तुमच्या लेकीने घरचे जुने व्हिडिओ दिले होते ना? त्यांतून यंत्राने तुमची दुखण्याआधीची चाल शोधली आणि सांध्यात भरली."

"मग ठसा चुकलाय," रेवती म्हणाली.

"सगळ्या व्हिडिओंत हीच चाल आहे, मॅडम. चुकेल कसा?"

त्याने पडद्यावर एक व्हिडिओ लावला. तरुण सुगंधाकाकू एकट्याच चालत होत्या. दोन पावलं, थबकणं, डावीकडे कलणं. आजूबाजूला नुसतं पांढरं. चांगली धडधाकट बाई अशी का चालेल, हे रेवतीला काही केल्या उमगेना.

"बाकीची माणसं कुठं गेली?"

"यंत्र पुसून टाकतं. रुग्णाच्या चालीत इतरांची लुडबुड नको म्हणून."

"मूळ दाखव."

मूळ व्हिडिओंत काकूंच्या डाव्या अंगाला अण्णा होते. उजवा हात काकूंच्या खांद्यावर टाकून, मोडका खुबा ओढत ते दोन पावलं चालत आणि दम खात. बारशात, जत्रेत, बाजारात, जिथे बघावं तिथे तेच.

अण्णांचा चेहरा पार उतरला. "मला वाटायचं, मीच हिच्यासाठी थांबतोय," ते म्हणाले. "तू बोलली का नाहीस?"

"बोलून काय तुमचा पाय बरा होणार होता?"

इम्रानने काकूंच्या सांध्यातला ठसा पुसला. आता गुडघा त्यांच्या पायाला अडवणार नव्हता. त्या उठल्या. एक लांब पाऊल, मग दुसरं, मग तिसरं. त्या हसतच दाराकडे निघाल्या आणि वळून बघायचंही विसरल्या. सवयीने अण्णा उठले, उजवा हात पुढे करून मागोमाग गेले आणि धाडकन आडवे झाले.

रेवती धावली. मार लागला नव्हता, पण तिचा गोंधळ आणखीच वाढला. अण्णांचा मोडका खुबा याच यंत्राने गेल्या वर्षी बदलला होता. नवा खुबा शाबूत, तरी माणूस कोसळतो? इम्रानने अण्णांचा चालठसा पडद्यावर आणला. पांढऱ्यात एक माणूस उजवीकडे कलून, हात अधांतरी ठेवून चालत होता.

"ह्यांच्या व्हिडिओंतून आपण काकूंना पुसलं," रेवती म्हणाली. तिला स्वतःचीच लाज वाटली. नव्याकोऱ्या खुब्याला तिने आणि इम्रानने लंगडणं शिकवलं होतं, तेही खांदा शेजारी असेलच या भरवशावर. दोघांचे सांधे धडधाकट होते आणि लंगडत मात्र दोघंही होते.

इम्रानने चाचरत विचारलं, "काकूंचा जुना ठसा परत भरू का, मॅडम? दोघं बरोबर असले की कुणीच पडणार नाही."

 रेवतीने काकूंकडे पाहिलं. त्या दारात उभ्या होत्या. जमिनीवरून अण्णांनी हात वर केला होता. काकू त्यांच्याकडे एक पाऊल आल्या आणि थांबल्या.

"ह्यांचाही पुसा," त्या म्हणाल्या. "मग उठू देत त्यांना."

"आणि परत पडलो तर?" अण्णांनी विचारलं.

"पडाल. मीही पडेन बहुतेक, डोंगर चढताना."

अण्णांनी हात खाली घेतला आणि जमिनीवर टेकवला.