पलीकडून ‘हव’

जरा दिव्याजवळ सरका. तुमच्या तोंडाचा रंग उडाला की मले बरोबर दिसला पाहिजे.

माझा दोस्त नरहर रेल्वेतून निवृत्त झाला आणि तेलीबांध्याच्या पुढं, नव्या रायपूरकडे त्यानं प्लॉट घेतला. प्लॉट कसला, त्यात मातीचा बांध आडवा झोपलेला! पुरुषभर उंच, दोरी धरल्यागत सरळ, कित्येक गावांच्या शिवा कापत गेलेला. कोण्या काळी कोणी घातला, कोणालेच ठाऊक नाही. तो पाडून पलीकडची पट्टी धरली तर दोन खोल्या वाढत होत्या. तेवढ्या वाढल्या तरच पोरगा शेखर आणि सून भिलाई सोडून येणार होते. म्हाताऱ्याचा जीव त्या दोन खोल्यांत.

आम्ही दोघं मोजायले गेलो तेव्हा आभाळ दाटलेलं, वारा पडलेला. शेळ्या चारणारी मीराबाई म्हणाली, “ओ पार झन नापव, कका.” पलीकडे मोजू नका, ते आपलं नाही, म्हणे.

“मग तुझ्या सासऱ्याचं हाय काय?” मी म्हटलं.

ती शेळ्या हाकत निघून गेली.

नरहरनं टेपाचं टोक दगडाले बांधून बांधापलीकडे फेकलं, आणि स्वतः वळसा घालून तिकडं निघाला. टेपाची डबी माझ्या हातात. ओल्या मातीचा, जुन्या राखेचा वास येऊन राहिला होता. थोड्या वेळानं टेप ताणला गेला.

“धरलं का बे?”

“हव,” पलीकडून नरहर बोलला.

मी गमतीनं हिसका दिला. म्हटलं, पडू दे बुढ्याले उताणा. तिकडून हिसका आला… हळू, पण असा की माझे पाय घसरले.

“जोर आला काय रे पेन्शनीत?”

“कोणाशी बोलून राहिला तू?”

आवाज माझ्या पाठीमागून. नरहर उभा, धोतराले काटे. “तिकडं जायले रस्ताच नाही. मी वापस आलो.”

टेप माझ्या हातात ताठ होता.

मी एकटा असतो तर पळालो असतो. पण नरहरचा जीव खोल्यांत ना. त्यानं विचारलंच, “किती… किती भरलं?”

पलीकडून त्याच्याच आवाजात उत्तर आलं, “दोन खोल्या निघतात… शेखरले बोलावलं हाय.”

मी डबी टाकली. रस्त्यावर येईस्तोवर आम्ही मागं पाहिलं नाही. नरहरनं पोराले फोन लावला.

“शेखर, कुठं हायेस?”

“अरे बाबा, सुबह ही तो आपने बुलाया,” पोरगा हसला. “हम दोनों पहुँच गए. बाँध के इस तरफ़ आप ही खड़े हो ना, टेप पकड़ के?”