बरोबर की बाद

“ही सायकल जरा बाजूला घेता का?”

“आधी आलोय मी.”

“मला फोटो काढायचाय.”

“मग मी काय इथे भाजी विकायला उभा आहे?”

बंद पडलेल्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली, सकाळच्या धुक्यात, ती दोघं पहिल्यांदा समोरासमोर आली ती अशी. तिने रागाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्या सायकलीकडे पाहिलं आणि तो एकदम हसायला लागला.

“कवळीताई! माझा पुलाचा फोटो बाद केलात, त्या तुम्हीच ना?”

सायकलगटात सगळे तिला ह्याच नावाने ओळखत. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवायची. तिथे केसभर फरक पडला तरी कुणाचं तरी जेवण हराम व्हायचं, त्यामुळे चूक म्हटली की तिच्या कपाळावर आठी चढलीच! गटाच्या खेळातही तेच. गावातल्या एखाद्या जागी सायकल टेकवून मोबाइलवर गटात फोटो टाकायचा, जागा सांगायची नाही. ज्याला जागा ओळखता येईल त्याने नेमकं तिथे जाऊन आपल्या सायकलीचा फोटो टाकायचा. मग बरोबर की बाद, ते कोडं घालणाऱ्याने ठरवायचं. तिची कोडी म्हणजे डोक्याला ताप. अख्खा मनोरा सोडून बाई त्याच्या पायरीचा कोपरा टिपणार!

“पूल तोच होता हो,” तो म्हणाला.

“कमान दुसरी होती.”

“एका कमानीसाठी?”

“चूक ती चूक.”

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत लोंबकळून आलेल्या माणसाला उघड्यावर सायकल मारायचं वेड असणारच. तिची कोडी हळूहळू त्यालाच सगळ्यांत आधी सुटायला लागली. आणि सुटली की तो फोटो काढून परत जायचा नाही, ती येईपर्यंत तिथेच रेंगाळायचा. गिरणीच्या जुन्या धुराड्यापाशी एकदा तो म्हणाला, “ऐक ना, कवळी…”

“ताई कुठे गेली?”

“गेली. आता काही परत यायची नाही.”

तिचे कान तापले. “तुझी चेन घसरलीय वाटतं,” एवढंच बोलून ती खाली वाकली. चेन जागच्या जागी होती.

सगळं असं छान चाललेलं असताना, काल संध्याकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी त्याने सांगितलं, “कंपनीने लांबच्या शहरात बदली काढलीय. बढती आहे. उद्या दुपारच्या आत हो-नाही कळवायचंय.” मग हातातल्या हेल्मेटचा पट्टा उगाच पिळत तो म्हणाला, “मी जाऊ… की थांबू?”

थांब! एवढंच तर म्हणायचं होतं. पण समजा आपण थांब म्हटलं आणि उद्या त्याला पस्तावा झाला तर? समजा तो नुसता सहज विचारत असेल तर?

“उद्या सकाळी फोटो टाकते,” ती कशीबशी म्हणाली. “तिथे ये. मी असले तर… जाऊ नकोस.”

“आणि नसलीस तर?”

“तर जा. आणि फोन करायचा नाही हं!”

ही शेवटची अट घालायची तिला काय गरज होती, देव जाणे.

आता ती पाण्याच्या उंच टाकीखाली कधीची उभी होती. उन्हं वर आली होती. फोटो टाकला होता, त्यात सवयीने नुसता लोखंडी जिन्याचा तुकडा आणि टाकीचं गोल पोट आलं होतं. असल्या दिवशी तरी सोपं कोडं घालावं ना! रस्त्याच्या वळणावर सायकल दिसली की ती दोन पावलं पुढे जायची. दूधवाला निघाला. मग पेपरवाला निघाला. मग कुणीच नाही. त्याने ठरवलं असेल का? रात्रीच बॅग भरली असेल का?

“कुणाची वाट बघताय?” टाकीच्या पंपवाल्याने शेजारच्या खोलीतून डोकं बाहेर काढलं.

“नाही हो. फोटो काढतेय.”

“टाकीचा? इतका वेळ?” तो हसला. “टाकी कुठे पळून जात नाही, ताई.”

तेवढ्यात मोबाइल वाजला. गटावर त्याचा फोटो आला होता. त्याची निळी सायकल, मागे लोखंडी जिना, वर टाकीचं गोल पोट. आणि त्याच्या शेजारी पिवळी भिंत. खाली लिहिलं होतं, “आलो. समजलं.”

पिवळी भिंत? तिने वळून पाहिलं. इथे पिवळी भिंतच नव्हती.

“दादा, अशी टाकी गावात अजून कुठे आहे?”

“आहे की, स्टेशनापलीकडे. जुळीच म्हणा. एकाच ठेकेदाराने बांधल्या.”

तो आला होता! गावाच्या दुसऱ्या टोकाला, रिकाम्या टाकीखाली उभा होता, आणि ती नाही असं समजून बसला होता. अट गेली खड्ड्यात. तिने फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. कंपनीच्या साहेबांशीच बोलत असणार! इकडे गटावर मोजणीकाकांचा निकालही येऊन पडला. उभा जन्म जमिनी मोजण्यात गेलेला माणूस, त्याच्या नजरेतून काय सुटणार! “टाकी दुसरी आहे. सपशेल बाद.”

बाद. तो शब्द त्याने वाचला असेल तर सगळंच संपलं.

तिने भराभर लिहिलं, “बरोबर.”

“अहो कवळीताई, जिना उजव्या बाजूला आहे!” काका.

“तरी बरोबर.”

“अख्ख्या गावाचं अंतर चुकलंय!”

“काका, कोडं माझं आहे. बरोबर म्हणजे बरोबर!”

आणि ती सायकलवर बसली. चढावर एरवी उतरून चालणारी ती आज उभ्याने पायडल मारत गेली. सिग्नलला शिव्या खाल्ल्या, वळणावर एका रिक्षाला घासता घासता वाचली. नसला तिथे तर? निघून गेला असला तर?

तो होता. पिवळ्या भिंतीला टेकून, मोबाइल हातात घट्ट धरून.

“साहेबांना…” तिला धाप आवरेना. “काय सांगितलंस?”

“येतो म्हणालो.”

तिने हँडल आणखी घट्ट धरलं.

“मग तुझं ‘बरोबर’ दिसलं. काकांशी भांडतेयस, तेही दिसलं. साहेबांना म्हटलं, थांबा, नाही येत.” तो जवळ आला. “माझं उत्तर चुकलं होतं ना गं?”

“साफ चुकलं होतं.”

“मग बरोबर का दिलंस?”

तिने हँडल सोडलं. सायकल धाडकन आडवी झाली, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. “कारण मला तू इथे हवायस. तू चुकलास तरी हवायस. तू नसलास तर मी फोटो कुणासाठी काढू?”

मग त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलं.

“बाद,” तो म्हणाला. “नीट ऐकू नाही आलं. पुन्हा.”

आणि तिने पुन्हा सांगितलं, या खेपेला त्याचा हात धरून आणि इतक्या मोठ्याने, की रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली.