बुडबुड्यांची भिंत

माशाला सहज ओलांडता येईल, पण बाटलीला मुळीच ओलांडता येणार नाही, अशी भिंत पाण्यात कशी बांधायची? आठवीतल्या हर्षाली तांडेलला या कोड्याने पछाडलं होतं.

तिच्या वर्गाने खाडीच्या एका अरुंद फाट्यात जाळं लावलं होतं. समुद्राकडे निघालेल्या पिशव्या-बाटल्या त्यात अडकल्या खऱ्या. पण त्यांच्यासोबत बोईट माशाची बोटभर पिल्लंही अडकून मेली. मच्छीमार सोसायटीच्या प्रमुख गुलाबमावशींनी जाळं काढायला लावलं. त्या रागावल्या नाहीत. मेलेली पिल्लं तेवढी हर्षालीच्या ओंजळीत ठेवून गेल्या. तेच तिला जास्त लागलं.

त्यानंतर ती रोज शाळा सुटल्यावर धक्क्यावर बसून राहायची. सोबतीला असायचा 'वाम', खाडीचं पाणी तपासणारा शाळेचा यंत्रमानव. वाम माशासारखाच तो लांबुळका होता. एकदा वर येताना त्याने पोटातली हवा सोडली. बुडबुडे उसळले आणि शेजारी तरंगणारं उंडीचं पान आपोआप दूर सरकलं.

हर्षाली ताठ बसली. पानाला कोणी ढकललं, असं तिने विचारलं.

"पाण्याने," वाम म्हणाला. "बुडबुडे हलके असतात. वर चढताना ते भोवतालचं पाणीही ओढून आणतात. पृष्ठभागावर (पाण्याच्या वरच्या थरावर) आलं की त्या पाण्याला आणखी वर जाता येत नाही, म्हणून ते बाजूंना पसरतं."

"आणि मासा? तोही ढकलला जाईल?"

"माशाला पोहता येतं. पानाला येत नाही."

मग वर्गाने भोकं पाडलेली नळी फाट्याच्या तळाशी, या काठापासून त्या काठापर्यंत सरळ टाकली आणि सौरपंपाने (उन्हावर चालणाऱ्या पंपाने) तिच्यात हवा भरली. पांढराशुभ्र पडदा उभा राहिला. बाटल्या थबकल्या. पण ओहोटीचं पाणी मागून रेटतच होतं. ढीग वाढला आणि एकेक बाटली पलीकडे निसटू लागली. मुलांचे चेहरे उतरले.

हर्षाली बराच वेळ त्या ढिगाकडे बघत होती.

"अडवून धरलं तर ढीग होणारच," ती शेवटी म्हणाली. "आपण त्यांना वाट दाखवू. नळी तिरकी टाकू."

तिरक्या पडद्याशी आलेल्या बाटल्या त्याच्या कडेकडेने घसरत काठाला लागल्या आणि तिथे बांधलेल्या जाळीच्या पाटीत शिरल्या. वामने पाण्याखालचं चित्र पाठवलं. पिल्लांचा घोळका बुडबुड्यांशी क्षणभर घुटमळला आणि आरपार गेला.

गुलाबमावशी केव्हाच्या मागे येऊन उभ्या होत्या. "ओहोटीचं झालं," त्या म्हणाल्या. "भरतीला पाणी उलटं फिरेल, तेव्हा गं?"

हर्षालीने ओल्या वाळूत बोटाने तिरकी रेघ ओढली. पाणी उलटं फिरलं तर कचराही त्याच रेघेवरून उलटा घसरेल आणि समोरच्या काठाला जमेल. म्हणजे तिकडेही एक पाटी लागेल, असं ती हळूच म्हणाली.

मावशींनी पदर खोचला. "ती आम्ही लावतो," त्या म्हणाल्या आणि होडी सोडायला निघाल्या.