रिकाम्या माळ्याचं माप

सांगते, पण मध्ये हसायचं नाही. हसायचं ते शेवटी हसा.

मी स्वस्तातले स्पीकर मोजते. पुस्तकांच्या फळीवर मावतील असे, जोडीने मिळणारे. एका खोलीत संसार करणारी माणसं माझं लिहिलेलं वाचून ते विकत घेतात, म्हणून मी आधी माइकवर भरवसा ठेवते, मग कानावर. घरात मला ‘मापाडी’ म्हणतात. म्हणोत. अकरा वर्षांत कोणाच्या बापाला भिऊन एक गुण इकडचा तिकडे केलेला नाही.

या कामाला शांतता लागते. वहिनीचा गाद्यांचा कारखाना आठवड्यातून एक दिवस बंद असतो. त्या दिवशी दुपारी मी वरच्या माळ्यावर जाते. चारही भिंतींना गाद्यांच्या थप्प्या. कापूस आवाज गिळून टाकतो. टाळी वाजवली तरी ती हातातच विझते. जुन्या कापसाचा कोंदट, कोमट वास नाकात बसतो. मधोमध उंच स्टँडवर स्पीकर, समोर माइक, आणि मी दाराबाहेर जिन्यात लॅपटॉप घेऊन, कारण माणसाच्या अंगावर आपटूनही आवाज परततो.

त्या दुपारची जोडी दिसायला अगदी खेळण्यातली. पण आवाज असा मोकळा, की म्हटलं, ही तर कानामागून आली आणि तिखट झाली! दार लावलं, सूर सोडला. खालच्या घुमण्यापासून शिट्टीपर्यंत चढत जाणारा एकच सूर. पडद्यावर आलेख उमटला. स्वच्छ रेघ, आणि तिच्यावर एक टेंगूळ.

टेंगूळ म्हणजे खोलीत काहीतरी आहे, आवाज त्यावर आपटून उशिरा परतलाय. किती उशिरा, त्यावरून ते माइकपासून किती लांब आहे हे कळतं. बारा फूट निघाले. आत जाऊन पाहिलं. बारा फुटांवर नुसती फरशी.

वायर बदलली. दुसरा स्पीकर चढवला. पुन्हा सूर.

नऊ फूट.

तेवढ्यात वहिनी किल्ल्यांचा जुडगा घेऊन जिना चढून आली.

“आत कोण आहे गं?”

“कोणी नाही.”

“मग इतकं हळू का बोलतेयस?”

मी पडदा तिच्याकडे वळवला. तिला आलेख कळत नाही, पण माझा चेहरा कळतो. तिने किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या.

“कामगार इथे एकटे थांबत नाहीत... मी कधी विचारलं नाही त्यांना.”

“विचारायचं होतंस.”

“काही गोष्टी विचारल्या ना, की उत्तर मिळतं...”

मी तिसरा सूर सोडला. पाच फूट. आणि टेंगूळ मोठं झालेलं, उभ्या माणसाएवढं.

“खाली चल,” वहिनी कुजबुजली.

“अर्धं माप टाकून?”

“माप मोठं की जीव?”

खोटं कशाला बोलू, मलाही खाली पळावंसं वाटत होतं. तरी चौथा सूर सोडला. या वेळी टेंगूळ वेगळं दिसेचना. ते मूळ आवाजालाच चिकटलं होतं. जे काही होतं, ते आता माइकच्या जागी होतं. ऐकणाऱ्याच्या जागी.

तिथे मात्र माझं डोकं फिरलं. निघून गेले असते, तर त्या जोडीला अंदाजपंचे गुण द्यावे लागले असते. मी दार ढकललं. माइक बाजूला केला आणि नेमक्या त्याच जागी खुर्ची ओढली.

“ऐकायचंय?” मी मोठ्याने म्हणाले. “ऐक. पण मागे बसून. ही जागा माझी आहे.”

आणि बसले.

कापसाचा वास एकदम नाहीसा झाला. वासच नाही कशाचा... मी मोबाइलवरून गाणं लावलं, एका बाईचा आवाज आणि सोबत एकच वाद्य. मानेवरून तंतूसारखं काहीतरी फिरलं. कानाच्या पाळीपाशी थांबलं. मी मान वळवली नाही. गाणं संपेपर्यंत ऐकलं आणि वहीत लिहिलं: साडेसात. खालचा सूर जरा फुगवलेला. अक्षर वेडंवाकडं आलं, पण गुण बरोबर आले.

पुढचं माप स्वच्छ निघालं. बारा फूट नाही, नऊ नाही, काहीच नाही. दारातून वहिनी रडत रडत हसली. “मापाडी, तुझ्यापुढे भूतही हात टेकेल गं!”

पुढच्या सुट्टीला तीच म्हणाली, “एकदा आपल्या दोघींना आत बसवून माप घे. जिवंत माणूस कसं दिसतं ते तरी मला बघू दे.” ती नऊ फुटांवर बसली, मी सहा फुटांवर. सूर आपोआप सुटावा म्हणून लॅपटॉपला अर्ध्या मिनिटाची मुदत लावली होती. सूर चढला, संपला. आम्ही पडद्यापाशी गेलो.

नऊ फुटांवर टेंगूळ होतं, वहिनीएवढं.

सहा फुटांवर सरळ रेघ.

“पुन्हा घे,” वहिनी म्हणाली. तिने माझा दंड धरला होता, चांगला घट्ट, दुखेपर्यंत.

पुन्हा घेतलं. अजून घेते, दर सुट्टीला, त्याच माळ्यावर, मुद्दाम स्पीकरसमोर छाती काढून बसून. आवाज अजून एकदाही माझ्यावर आपटून परतलेला नाही.