त्यानं 'होऊ द्या' म्हटलं नाही

आधीच सांगतो, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडली आहे. आणि मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा माझ्या बापानं घरातले देव काढले, त्यांच्यासोबत भुतंही गेली. कोणी करणी-भानामती बोललं की मी अजूनही अंगावर जातो.

तरी ती दुपार...

हो, दुपारच. रात्र नव्हती. १९७९ चा जानेवारी, रविवार. पारशिवनीच्या पुढं, पेंच नदीच्या काठी.

आम्ही तिघं होतो. मी वामन, देवराव आणि मधुकर. नागपुरात एकाच छापखान्यात कामाला. पारशिवनीपर्यंत एसटी, पुढं भाड्याच्या सायकली. काय तो रस्ता! दोन्हीकडं हिरवा गहू, पलीकडं सागाचं जंगल. देवराव गाणी म्हणत सायकल हाणत होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं त्याच्या.

"पुढच्या बारीले शामलाले घेऊन येतो गा," म्हणाला.

काठावर गोवऱ्या पेटवून आरात कणकेचे रोडगे भाजले. पळसाच्या पत्रावळीवर रोडगे, तूप, वांग्याची भाजी. अहाहा!

देवरावची एक सवय होती. जेवताना कोणी दिसलं की हाक द्यायचाच, "या जेवाले." तसं आपल्याकडं सगळेच म्हणतात. समोरचा "होऊ द्या" म्हणतो आणि आपल्या वाटेनं जातो. खरंच कोणी येऊन बसत नाही.

पलीकडं मोहाच्या झाडाखाली एक म्हातारा बसला होता.

आम्ही आलो तेव्हा तो तिथं नव्हता...

"या जेवाले, बाबाजी!" देवराव ओरडला.

म्हातारा 'होऊ द्या' म्हणाला नाही.

तो उठला.

"अबे, हा त खरंच येऊन राहिला!" मधुकरला हसू आवरेना.

सागाच्या वाळक्या पानांचा खच पडला होता. आम्ही चाललो तेव्हा पापड मोडल्यासारखी कुरकुर होत होती. म्हाताऱ्याच्या पायाखाली मात्र...

काहीच वाजत नव्हतं.

देवरावनं सरकून जागा केली. मी पत्रावळ काढायला पिशवीकडं वळलो. परत पाहिलं तर कोणीच नाही. मोहाखाली नाही, वाटेवर नाही.

"गेला कुठी गा?" मी विचारलं.

देवराव आपल्या पत्रावळीकडं पाहत होता. ती चाटूनपुसून साफ झाली होती...

"वामन, मी घास बी नाही घेतला रे."

आम्ही त्याची यथेच्छ टर उडवली. आमच्या वाटचं त्याला दिलं. तेही संपलं. परतीच्या एसटीत तो सारखा म्हणत होता, भूक लागली.

महिन्याभरात त्याची हाडं मोजून घ्यावी अशी गत झाली. शामला रडकुंडीला आली. "भाऊजी, मी वाढते. ताट रिकामं होते. पण यायच्या पोटात काहीच नाही जाऊन राहिलं."

धंतोलीतल्या दवाखान्यात भरती केलं. सगळ्या तपासण्या झाल्या. काही सापडेना. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, म्हणाले, असाच उतरत गेला तर हा माणूस जगत नाही.

शामला कोणालाही न सांगता पारशिवनीला आपल्या आत्याकडं, बायजाबाईकडं जाऊन आली. व्हरांड्यात मला म्हणाली, "आत्या सांगते, बोलावल्याबिगर तो मोहाखालचा म्हातारा येत नाही. अन् दुसऱ्यानं बोलावल्याबिगर ताटावरून उठत नाही."

माझं डोकं फिरलं. "वहिनी, काहून ऐकता हा फालतूपणा!"

ती सरळ खोलीत गेली. दुपारच्या जेवणाची वेळ. पलंगावर देवराव, पुढ्यात ताट. शामला खाली बसली. आपला डबा उघडला. मग डोक्यावर पदर घेतला, घरी मोठं माणूस आल्यावर घेतात तसा... आणि पलंगाच्या उशाशी रिकाम्या कोपऱ्याकडं पाहिलं.

"या जेवाले, बाबाजी."

मी 'होऊ द्या' ऐकू यायची वाट पाहत होतो. मी! भुतं न मानणारा!

कोणी काही म्हणालं नाही.

देवरावनं घास तोंडात घातला. चावला. गिळला. आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"शामला, चव लागली वं... चव लागली."

मी तिच्या डब्याकडं पाहिलं.

साफ होता...

देवराव चालत घरी आला. शामला मात्र त्या साली आंबे यायच्या आधीच गेली. शेवटी शेवटी ती दार लावून एकटीच जेवायला बसायची. कोणी चुकून 'या जेवाले' म्हणून त्या म्हाताऱ्याला आपल्या ताटावर ओढवून घेऊ नये यासाठी. मला तिनं शपथ घातली होती, "यायले सांगू नका, भाऊजी." सख्ख्या बहिणीसाठी रडलो नसतो इतका मी तिच्यासाठी रडलो. लोक म्हणाले, नवऱ्याची सेवा करून झिजली. देवराव अजून धंतोलीच्या डॉक्टरांचेच गुण गातो.

ती गेल्यावर तो म्हातारा कुठं गेला, हे मला कोणी सांगितलं नाही.

आज सात वर्षं झाली. मी जेवताना दार लावून घेतो. लोक माणूसघाणा म्हणतात, म्हणू देत. पण गेल्या रविवारी देवराव आमच्याकडं जेवायला होता. उकाडा फार, म्हणून बायकोनं दार उघडं ठेवलं. मी पाणी पीत होतो. देवराव दाराकडं पाहून हसला.

"या जेवाले, बाबाजी!"

माझी मान वर होईना. कोणीतरी 'होऊ द्या' म्हणा रे...

कोणी म्हणालं नाही.

देवरावनं सरकून जागा केली.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी त्याच्या घरी जातो. दारातूनच विचारतो, "जेवला का गा?" तो हो म्हणतो.

काल मात्र म्हणाला, "जेवलो ना गा, वामन... पण भूकच नाही जाऊन राहिली."