चौथ्या मजल्यावरची शांतता

सन दोन हजार नऊ. जानेवारीतला तिसरा गुरुवार. त्या हिवाळ्यात बिश्केकमध्ये विजेच्या पाळ्या लागल्या होत्या. एका वस्तीत दोन ते सहा अंधार, तर दुसरीत सहा ते दहा. लोक शिव्या देत होते. इस्मानालीला मात्र ते सोयीचं होतं.

तो घरं बघत होता आणि घर कसं पारखायचं हे त्याला ठाऊक होतं. चाळीस वर्षं त्याने क्रेनवर बसून अशाच इमारतींच्या काँक्रीटच्या भिंती एकीवर एक चढवल्या होत्या. भिंतीचा रंग बघणारा माणूस गाढव, असं तो म्हणे. आधी अंधारात जाऊन गप्प बसायचं. मग वीज आली की अख्खी इमारत एकदम तोंड उघडते. कोण टीव्ही किती मोठा लावतो, कोण पिऊन बायकोवर ओरडतो, कोणाचं पोर भिंतीवर चेंडू आपटतं, सगळं पाच मिनिटांत कळतं. महिन्याभरात त्याने अशी सहा घरं नापास केली होती.

घर हवं होतं ते जिपारसाठी. ती त्याची एकुलती एक मुलगी. तिचा नवरा रशियात मजुरीला गेला होता आणि ती बाजारामागच्या एका खोलीत राहत होती. रात्रभर मालगाड्या, हमाल, कुत्री. दोनदा तिचा गर्भ पडला होता. आता तिसऱ्यांदा सातवा महिना लागत होता. डॉक्टरीण म्हणाली होती, औषध एकच, झोप. त्या दिवशी इस्मानालीने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाला, "तुला शांत घर देतो." दिलेला शब्द त्याने कधी परत घेतला नव्हता.

हे सातवं घर होतं. पाच मजली इमारत, चौथा मजला. मालक परगावी होता आणि किल्ली इमारतीच्या समितीच्या प्रमुख बाईकडे होती. सालिमा तिचं नाव. ती दाराशीच भेटली, अंगावर दोन कोट आणि हातात टॉर्च.

"अक्सकाल, अंधारात घर बघता? मांजर आहात का?" वडीलधाऱ्या माणसाला तिथे अक्सकालच म्हणतात.

"घर बघायचं नाही. ऐकायचंय. पोरीला आवाज चालत नाही."

"मग कबरस्तानात जागा बघा की."

"वर कोण राहतं?" त्याने विचारलं. डोक्यावर चालणारा माणूस सगळ्यांत वाईट, हे त्याला माहीत होतं.

सालिमा हसली. "वर आता हूं की चूं नाही. पूर्वी होती एक म्हातारी. बातिकान. डोंगराकडची. नमदे, लोकरीचे जाड गालिचे, करून विकायची. सकाळपासून काठ्यांनी लोकर झोडपायची. धप्प, धप्प, धप्प. डोकं उठायचं. आम्ही घर तापवणारा गरम पाण्याचा पाइप ठोकून सांगितलं, जसं सगळे सांगतात. आधी चमच्याने, मग हातोडीने. वर्षभर ठोकलं. बाई ऐकेना. म्हणे, लोकर झोडली नाही तर खाऊ काय?"

"मग?"

"मग माझ्या नवऱ्याने माळ्यावर चढून तिच्या पाइपची चावी फिरवून बंद केली. म्हटलं, दोन दिवस कुडकुडेल, येईल खाली हात जोडत." सालिमाने टॉर्च या हातातून त्या हातात घेतला. "नाही आली. ताठा केवढा! चौथ्या दिवशी दार फोडलं. सगळी लोकर अंगावर ओढून बसली होती. डोळे उघडे."

"तिचं कोणी?"

"कुत्रंसुद्धा नाही. तीन वर्षं झाली, तिच्या नावाने कोणी तेल तापवलेलं नाही."

इस्मानालीने मिशीवरचं बर्फ पुसलं. "बरं केलंत," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या झोपेची किंमत कळायला हवी माणसाला."

"तुमचं आमचं जमणार," असं म्हणून सालिमाने किल्ली दिली.

तो वर गेला. जिन्यात मांजराच्या मुताचा आणि थंड सिमेंटचा वास होता. घर चांगलं होतं. दोन खोल्या, कोरड्या भिंती, पाइपात ऊब. त्याने मेणबत्ती लावली आणि स्वयंपाकघरात पिशवी सोडली. पिशवीत कढई, तेलाची बाटली आणि ओल्या फडक्यात मळलेली कणीक होती. बायकोने, उरुमकानने, बळेच दिली होती. नवं घर घ्यायचं तर आधी गुरुवारी तिथे तेल तापवून सात पोळ्या तळायच्या. पितरं त्या वासावर जेवतात. ती जेवली की घर लाभतं.

निघताना ती दारापर्यंत मागे आली होती. "नावं घ्या हं. तुमच्या अताचं, माझ्या आईचं. नाव न घेता वास सोडलात तर जो उपाशी असेल तो येऊन जेवेल."

"मला शिकवू नकोस," तो म्हणाला होता. खरं तर हे काम त्याने जन्मात केलं नव्हतं. तेल बायका तापवतात, नावं बायका घेतात, पुरुष खातात.

गॅस पेटला. तेल तापलं. त्याने जाड बोटांनी पोळ्या थापून आत सोडल्या. धूर वर चढला आणि चुलीवरच्या हवेच्या जाळीतून सरळ वर ओढला गेला. घर शांत होतं. सातवी पोळी काढली, दोन्ही तळवे उघडे करून छातीशी धरले आणि बापाचं नाव घ्यायला तोंड उघडलं...

तेवढ्यात वीज आली.

इमारत एकदम ओरडली. डावीकडे टीव्ही गर्जला. खालच्या मजल्यावर कोणीतरी लग्नाची गाणी लावली, फरशी हलली. उजव्या भिंतीमागे एक माणूस बायकोला घाणेरड्या शिव्या घालत होता आणि काहीतरी फुटत होतं.  हे घरही गेलं. बाळंतपणाला तीन महिने उरले होते आणि पैसे एवढ्याच घरापुरते होते.

"घ्या!" तो चिडून म्हणाला. "ज्याला हवं त्याने घ्या!" आणि दुआ संपवताना फिरवतात तसे त्याने तोंडावरून हात फिरवले.

धूर जाळीत थांबला. थांबला, आणि मग कोणीतरी घोट घ्यावा तसा एकदम आत गेला.

"किती दिवसांनी..." जाळीतून आवाज आला.

म्हातारीचा आवाज होता तो, कोरडा. त्या सगळ्या गोंगाटातून तो स्पष्ट ऐकू आला, कारण कानाशी होता.

"कोण?" इस्मानालीने विचारलं. पण त्याला कळलं होतं. मेंढीच्या ओल्या लोकरीचा वास खाली उतरत होता.

"वरची... नाव घेतलं नाहीस, म्हणून माझ्यापर्यंत पोचलं. पोटभर जेवले, अक्सकाल. मी कुणाचं देणं ठेवत नाही. सांग... काय हवंय?"

दार सहा पावलांवर होतं.  पण बाईला घाबरून पळायचं, मग ती जिवंत असो की मेलेली, हे त्याच्याने झालं नसतं. आणि बाजारामागच्या त्या खोलीत जिपार कानांवर उशी दाबून पडली असेल, हेही त्याला दिसत होतं.

"शांतता हवी," तो म्हणाला. "माझ्या पोरीला."

"आवाज तिलाच नको... की आणखी कुणाला?"

"पोर होईल त्यालाही!"

"नीट विचार कर... नंतर पाइप ठोकशील."

"मी एकदाच बोलतो. या घरात बाहेरचा आवाज नको. पोरीला नको, पोर होईल त्याला तर कसलाच नको. ऐकलंस?"

"ऐकलं," जाळी म्हणाली.

वर काठी पडली. धप्प. मऊ, लोकरीवर पडावी तशी.

आणि सगळं थांबलं. टीव्ही, गाणी, शिव्या, सगळं. त्याला वाटलं, वीज गेली. पण दिवा जळत होता. तो जिन्यात आला. उंबऱ्याबाहेर पाय पडताच गोंगाट पुन्हा कानांवर आदळला. शेजारचं दार अर्धं उघडं होतं, आत तो माणूस टेबलावर मुठी आपटत होता. इस्मानालीने पाय मागे घेतला. माणूस तसाच मुठी आपटत होता, तोंड फाडून ओरडत होता. पण आवाज नव्हता.

खाली सालिमाने विचारलं, "काय, कसं वाटलं?"

"भिंती जाड आहेत," इस्मानाली म्हणाला. "घेतो."

फेब्रुवारीत जिपार तिथे राहायला आली. पहिल्या दिवशी ती सोळा तास झोपली. तिच्या गालांवर रंग आला. "अता, हे घर नाही, कापूस आहे," ती बापाला हसून म्हणायची. उरुमकानने नवऱ्याकडे अभिमानाने बघितलं. त्याने जाळीबद्दल कुणाला सांगितलं नाही. विचारणार तरी कोण होतं?

एप्रिलच्या शेवटी मुलगा झाला. सुईणीने त्याला उलटा धरून पाठीवर चापट मारली. त्याने तोंड उघडलं, लाल झाला, जांभळा झाला, मुठी आवळल्या. दुसरी चापट मारली. डोळ्यांतून पाणी आलं. घशातून काही आलं नाही.

डॉक्टरांनी घसा बघितला, छाती बघितली. सगळं जागच्या जागी होतं. "होईल," ते म्हणाले, आणि एकमेकांकडे बघत राहिले.

बाळाच्या कौतुकाचा चाळिसावा दिवस आला. नातेवाइकांनी खुळखुळा आणला. उरुमकानने हलवला की तो वाजायचा. नातवाच्या मुठीत दिला की तो हलायचा, पण वाजायचा नाही. नातेवाईक लवकर उठले.

जिपार आता झोपत नव्हती. पाळण्याशी बसून राहायची, दिवसा आणि रात्रीही, डोळे उघडे आणि एक बोट बाळाच्या छातीवर. तिचे केस मुठीमुठीने गळत होते.

"थोडी आडवी हो," इस्मानाली म्हणाला. "घर शांत आहे."

"म्हणूनच, अता," तिने मान न वळवता उत्तर दिलं. "मी डोळे मिटले आणि हा रडला, तर मला कळणार कसं? काल जरा डोळा लागला. जागी झाले तर याचं तोंड उघडं, ओठ निळे. किती वेळ ओरडत होता कोण जाणे."

त्या गुरुवारी त्याने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि जाळीखाली उभा राहिला. टोपी काढून हातात धरली. ती त्याने आजवर कोणापुढे काढली नव्हती.

"बातिकान," तो म्हणाला. "चुकलो. परत घे."

 मग वरून, अगदी हळू, अगदी सावकाश:

"देणं फिटलं, अक्सकाल."