खुडलेल्या कळ्यांचा वाफा

नवऱ्याचं यकृत इतकं देखणं असू शकतं याचा मृण्मयीला आधी अभिमान वाटला, आणि मग कसलीशी शंका आली.

नाशिकच्या पेशीकलम केंद्रात, देहदर्शकाच्या पडद्यावर निनादचं यकृत फिरत होतं. तांबूस, नितळ, कडा रेखीव. बाजूचे आकडे एकजात हिरवे होते. साठीच्या माणसाचं सोडा, विशीतल्या पैलवानालाही हेवा वाटावा असं काम ते करत होतं. केंद्राचे संचालक डॉ. बर्वे मागे येऊन उभे राहिले.

"गायधनी मॅडम, मिस्टरांना काय खाऊ घालता? आमच्याही घरी कळवा."

"दोडका," मृण्मयी म्हणाली. बर्वे हसले. तीही हसली.

सात वर्षांपूर्वी याच केंद्रातल्या टेबलावर निनाद हळदीसारखा पिवळा होऊन पडला होता. त्याचं यकृत पार कामातून गेलं होतं. मृण्मयीने तेव्हा आपली सगळी विद्या पणाला लावली आणि अजर वंशाच्या पेशींपासून वाढवलेलं यकृत त्याच्या देहावर कलम केलं. अजर जनुक हा तिचाच शोध. हा जनुक घातलेली पेशी म्हातारी होत नाही, निदान दिसत तरी नाही. पहिल्या मूळ पेशीपासून फुटवे काढत काढत आता हजारो माणसांच्या पोटात त्याच वंशाची यकृतं नांदत होती. सुरुवातीला असे पाच वंश होते. त्यातला सगळ्यात जोमदार तेवढा ठेवून बाकीचे मोडीत काढावेत, अशी शिफारसही तिचीच होती. उत्तम असताना मध्यम कशाला सांभाळायचं?

या खेपेला मात्र एकट्या निनादचं नाही, त्या वर्षी तपासलेल्या प्रत्येकाचं यकृत असंच झळाळत होतं. केंद्रात पेढे वाटले गेले. मृण्मयीने पेढा घेतला आणि तो पर्समध्येच राहिला.

घरी पोचली तर फाटकापासूनच शीळ ऐकू आली. निनाद अंगणात गुलाबांत होता. चित्रकलेचा शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून त्याचा संसार गुलाबांशीच होता आणि मृण्मयीशी उरलेल्या वेळात, असं ती सगळ्यांना सांगे. दोन वाफे होते, फरसबंदीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. दोन्हींत एकच जात, 'संध्यागोदा'. फूल शेंदरी, पाकळीच्या कडेला जांभळी झाक. अजर जनुक माणसात घालण्याआधी मृण्मयीने तो गुलाबात घालून पाहिला होता, आणि प्रयोग संपल्यावर ते झाड नवऱ्याला वाढदिवसाला दिलं होतं. फुकटात भेट झाली, असं निनाद अजून चिडवायचा. त्या एका झाडाचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, रानगुलाबाच्या खुंटावर भरून त्याने अंगण भरलं. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मृण्मयीने वाण म्हणून त्याचीच कलमं लुटली, त्या बायकांनी माहेरी नेली, आणि बघता बघता अर्ध्या नाशिकच्या कुंड्यांत संध्यागोदा जाऊन बसली.

"बघ, बघ इकडे!" निनाद ओरडला. "पान दिसतंय का कुठे? कळीवर कळी! आयुष्यात असला बहर बघितला नाही. यंदा प्रदर्शनात पहिला नंबर माझा. चौदा वर्षं तो देशपांडे ढाल घेऊन जातोय आणि मी टाळ्या वाजवतोय."

त्याचा चेहराही फुलांसारखाच तजेलदार झाला होता. दुपारी त्याने एकट्याने खताची पोती हलवली होती. मृण्मयीला खूप बरं वाटलं. ते बरं वाटणं जेमतेम चहा होईपर्यंत टिकलं, कारण चहाला रूथ आली.

डॉ. रूथ सोनवणे वनस्पती उद्यानातली शास्त्रज्ञ होती आणि कॉलेजपासूनची मैत्रीण. ती नेहमी बोलत बोलत येई. आज ती गप्प वाफ्यांपाशी उभी राहिली, निनादला नुसतं "छान" म्हणाली आणि मृण्मयीला घेऊन घरात आली.

"संध्यागोदाचं मूळ झाड तू पहिल्यांदा कुणाला दिलंस?"

"निनादला. पण त्याआधी एक डोळा तुमच्या उद्यानाला दिला होता. का गं?"

"ते झाड मेलं. इतका बहर आला की लोक फोटो काढायला यायचे. मग एका सकाळी शेंड्यापासून कलमाच्या जोडापर्यंत काळं. खाली खुंट हिरवागार, वरचं सगळं गेलं. आमच्या काचघरात ते कायम उबेत होतं, त्यामुळे इथल्यापेक्षा जास्त वाढलं, पुढे धावलं. तुमची झाडं त्याच्या मागोमाग आहेत."

"रोग असेल."

"सगळं तपासलं. रोग नाही." रूथने कप बशीत ठेवला. "मृण, कलम म्हणजे नवं झाड नसतंच. जुन्याच झाडाची फांदी दुसऱ्याच्या मुळांवर राहायला जाते, एवढंच. पत्ता बदलला म्हणून वय बदलत नाही. काटांग बांबूचं बेट इथून उपटून गडचिरोलीला लाव, मूळ बेटाला फुलोरा आला की त्यालाही येणार. आणि फुलोरा आला की बेट मरतं."

"गुलाब असा वागत नाही."

"साधा गुलाब नाही वागत. हा तुझा आहे. तुझ्या जनुकाने म्हातारपण थांबवलं नाही, ते नुसतं साठवून ठेवलं. पेशी दुखणं दाखवत नाही, हिशेब मात्र आत चालूच. प्रत्येक विभाजनाला घड्याळ एक घर पुढे. ठरावीक घर आलं की पेशी होतं नव्हतं ते सगळं एकदम काढते. तोच हा बहर. मग संपलं."

"घड्याळ मागे फिरवता येतं?"

"फक्त बी धरलं तर. बी म्हणजे नवा जन्म. फांदीला तो मिळत नाही."

विझताना दिवा मोठा होतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण माणसाला मोठाल्या पदव्या मिळाल्या की असल्या गोष्टी तो म्हाताऱ्यांच्या म्हणीत टाकून देतो. मृण्मयीच्या डोळ्यांसमोर सकाळचा पडदा आला. नितळ, रेखीव, झळाळणारा.

"यकृताच्या पेशी सावकाश विभागतात," ती कशीबशी म्हणाली.

"म्हणून तर सात वर्षं मिळाली," रूथ म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते कळून तिने मैत्रिणीचा हात धरला. बाहेर शीळ चालू होती.

दुसरं यकृत कुठून आणायचं? बाकीचे वंश तिनेच मोडले होते. नवा वंश उभा करायचा तर वर्षं लागणार. मेलेल्या माणसाचं यकृत काढून बसवायची जुनी पद्धत तर, गरज काय, म्हणून केव्हाच बंद पडली होती. मृण्मयीने बर्व्यांना सगळं सांगितलं. बर्वे म्हणाले, "मॅडम, एकही पेशंट आजारी नाही. तब्येत फार चांगली आहे म्हणून लोकांना घाबरवू?" त्यांचंही चूक म्हणता येत नव्हतं.

उपाय तिला निनादनेच दिला, नकळत. शेजारच्या नव्या सुनेने कुंडीतला मरगळलेला गुलाब दाखवायला आणला होता, आणि तो तिला समजावत होता, "झाड अशक्त असलं ना, की कळ्या खुडून टाकायच्या. जीव तुटतो, पण खुडायच्या. फुलात जाणारी ताकद मग झाडाला मिळते."

मृण्मयी जागीच थांबली. पेशी जर बहरात सगळं खर्चून मरत असेल, तर बहरच येऊ दिला नाही तर? खर्च थांबेल. तिने रूथला फोन केला.

"माहीत नाही," रूथ म्हणाली. "असेलही. झाडांवर करून बघ, निकाल येऊ दे, मग पुढचं."

हे शहाणपणाचं होतं. पण शहाणपणाला वेळ लागतो, आणि निनाद दिवसेंदिवस जास्तच टवटवीत होत चालला होता. त्याच्या गालावरचा प्रत्येक नवा रंग तिला सुरीसारखा लागे. तिने झाडं आणि नवरा, दोघांवर एकदमच प्रयोग सुरू केला. निनाद बाजारात गेला असताना पलीकडच्या वाफ्यातली एकूण एक कळी खुडली. अलीकडचा वाफा तुलनेसाठी तसाच ठेवला. आणि त्याच संध्याकाळपासून निनादच्या जीवनसत्त्वाच्या गोळीच्या जागी मंदक ठेवलं. कलम फार जोर करायला लागलं तर त्याला आवरायचं ते औषध.

खुडलेला वाफा बघून निनाद पायरीवर बसला.

"रूथने सांगितलं. कसलीशी कीड आहे, कळीतून पसरते," मृण्मयी म्हणाली.

"मला विचारायचं तरी." मग तोच तिची समजूत काढल्यासारखा म्हणाला, "जाऊ दे. अलीकडच्या वाफ्यातली नेऊ प्रदर्शनाला."

पण मंदक लागू पडलं. निनादची भूक गेली, जिने चढताना दम लागू लागला, डोळ्यांत पुन्हा ती पिवळी छटा उतरली. शीळ बंद झाली. तेच मंदक आता ती त्याला आजारपणावरचं औषध म्हणून उघडपणे देऊ लागली. मृण्मयी रोज त्याचं रक्त तपासी, आकडे घसरलेले पाही आणि देवाचे आभार मानी. बायकोने नवऱ्याच्या आजारपणावर जीव टाकावा, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. एकदा दोनदा तिला वाटलं, त्याला सांगून टाकावं. पण सांगायचं काय? तू बरा झालास की मरशील, हे?

प्रदर्शनाच्या दिवशी तो उठून बसला, बूट घातले आणि परत आडवा झाला.

"तू ने फुलं."

"तुला सोडून नाही जाणार मी."

"मग राहू दे. देशपांड्याला एक वर्ष आणखी." तो भिंतीकडे वळला. "मृण, कलम धरत नाहीये का आता? खरं सांग. असंच राहणार का?"

"नाही रे. थोडे दिवस. मग बरं वाटेल."

अलीकडच्या वाफ्यात फुलं इतकी लगडली होती की फांद्या जमिनीला टेकल्या. ती कुणी कापली नाहीत. पलीकडच्या वाफ्यात नुसती पानं. मृण्मयी दर चार दिवसांनी नवी कळी हुडकून खुडायची, आणि हिरवी पानं बघून तिला धीर यायचा. जगतंय, ती स्वतःशी म्हणायची. आपण जगवतोय.

फेब्रुवारीत एका सकाळी ती चहाचा कप घेऊन बाहेर आली. अलीकडचा वाफा काळा पडला होता. पाकळ्या फांद्यांवरच करपल्या होत्या. रूथने सांगितलं होतं तसंच, शेंड्यापासून जोडापर्यंत. तिने कप पायरीवर ठेवला आणि जवळजवळ पळतच फरसबंदी ओलांडली.

पलीकडचा वाफाही काळा होता.

तिला ते खरं वाटेना. निनादच्या सवयीने तिने नखाने साल खरवडून पाहिली. जिवंत फांदी आत हिरवी असते. ही तपकिरी होती. दुसरी, तिसरी, सगळ्या तपकिरी. जोडाखाली रानगुलाबाचा खुंट मात्र दोन्ही वाफ्यांत सारखाच हिरवा होता.

ती तिथेच मातीत बसली. बहर हे मरणाचं कारण नव्हतंच, ती फक्त वर्दी होती. आत घड्याळ आपल्या चालीने चाललं होतं. फुलवलेल्या आणि खुडलेल्या, दोन्ही झाडांचं वय एकच, म्हणून मरणही एकच. फरक एवढाच की एक वाफा मरण्याआधी फुलला आणि दुसऱ्याला तिने फुलू दिलं नाही.

आत निनाद पिवळा होऊन पडला होता.

तिने मंदकाची पाकिटं न्हाणीघरात रिकामी केली आणि नळ सोडून तोंडात पदर कोंबून रडली.

चौथ्या दिवशी निनादने स्वतःहून भात मागितला. आठवड्याने डोळे स्वच्छ झाले. पंधरवड्यात तो काठी न घेता अंगणात आला, गालावर तोच रंग, त्याहूनही गडद. मेलेल्या वाफ्यांपुढे तो हळहळत उभा राहिला. फार वेळ नाही. अंगात ताकद आली की माणसाला दुःख धरून ठेवता येत नाही.

"गेली बिचारी. पण तुझं औषध लागू पडलं बघ! मला वाटलं होतं, या खेपेला मी काही उठत नाही."

"निनाद, ते औषध..."

"कडू होतं, पण मी एकदाही चुकवलं नाही. तू दिलंस म्हणून घेतलं." त्याने कुदळ उचलली. "हे बघ, मी ठरवलंय. सगळं उपटायचं, ऊन खाऊ द्यायचं मातीला. पावसाळ्यात नवी कलमं, ऑक्टोबरात छाटणी, आणि पुढच्या जानेवारीत ढाल आपली. तू फक्त या वेळी कळ्या खुडू नकोस, बाई."

"नाही खुडणार," ती म्हणाली.

"आणि काहीतरी खायला कर. सकाळपासून नुसती भूक, भूक."

मृण्मयी स्वयंपाकघरात आली. तिने भाजणी भिजवली, कांदा चिरला, तव्यावर थालीपीठ थापून मध्ये भोक पाडून तेल सोडलं. खिडकीतून कुदळीचे घाव ऐकू येत होते, आणि मग शीळ सुरू झाली. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने इतकी सुरेख शीळ कधी घातली नव्हती.